ऐरणीवरचे लोक, लेखांक ६ : नळीवर कोरलेलं नाव

आतापर्यंत आपण फाळ, विळा, कुऱ्हाड, अडकित्ता आणि कुलूप घडवणारे हात पाहिले. या आठवड्यात त्याच ऐरणीवर घडणारी, पण चारचौघांत सहसा जिचं नाव निघत नाही अशी वस्तू घेतो : ठासणीची बंदूक. आपल्या बिलोली-देगलूर भागात जुन्या वाड्यांत ती माडीवर किंवा देवघराच्या कोनाड्यात असायची. खंडेनवमीला खाली यायची, तेलपाणी व्हायचं, हळदकुंकू लागायचं. उरलेलं वर्ष तिची आठवण यायची ती रानडुकरांचा कळप तुरीत किंवा भुईमुगात शिरला की. तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. गावठी कट्टा आणि परवान्याची ठासणीची बंदूक यांतला फरकही अनेकांना ठाऊक नसतो. म्हणून नळीपासूनच सुरुवात करतो.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीचं मागचं टोक, म्हणजे बूड, कायमचं बंद असतं आणि सगळा बार तोंडाकडून भरायचा असतो. आधी मोजून दारू, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा. बुडाजवळ बारीक छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानातून ठिणगी आत गेली की बार उडतो. ही ठिणगी देण्याच्या तीन तऱ्हा एकामागून एक आल्या. पेटती वात टेकवायची ती तोड्याची बंदूक. गारगोटी पोलादावर आपटायची ती चकमकीची. तिसरी टोपीची. स्कॉटलंडमधले धर्मगुरू अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ साली घेतलं आणि त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी निघाली. घोडा त्या टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. आज आपल्याकडे वापरात दिसते ती बहुतेक टोपीचीच.

काडतुसाच्या बंदुकीत दारू किती आणि गोळी किती हे कारखाना ठरवतो. ठासणीत ते भरणारा माणूस ठरवतो, तेही प्रत्येक बाराला नव्याने. घाईत दारू दोनदा ओतली गेली, गोळी दारूवर पूर्ण न बसता नळीत मध्येच अडकली, तर तो सगळा जोर नळीच्या भिंतीवर येतो. ती भिंत बाराच्या वेळी भरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. म्हणून या बंदुकीची खरी किंमत तिच्या दस्त्यावरच्या नक्षीत किंवा चांदीच्या पट्टीत नाही. नळी कुणी घडवली, हा पहिला प्रश्न. उत्तर देणारा माणूस नाव घेऊन सांगू शकला तरच ती बंदूक हातात घेण्यासारखी.

हा विचार आपल्या देशात किती जुना आहे ते पाहायचं तर अबुल फझलचा ‘आईन-ए-अकबरी’ उघडावा. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या ग्रंथात बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचताना लिहिणारा भट्टीजवळ उभा राहिला असावा असं वाटतं. तो सांगतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून गोल करत आणि दोन्ही कडा समोरासमोर जोडत. अशा नळ्या फुटत, माणसं जखमी होत, आणि नळीचा चौथा हिस्साच काय तो दारूने भरता येई. अकबराच्या कारखान्यात वेगळी रीत आली. लोखंडाची पट्टी सुंभ वळावा तशी तिरकी गुंडाळायची, वेढे एकमेकांवर थोडे चढवायचे आणि हळूहळू तापवत जोडायचे. अशी नळी तोंडापर्यंत दारू भरून उडवली तरी फुटत नसे, असा त्याचा दावा आहे. यामागचं कारण साधं आहे. सरळ उभा सांधा असला की आतला दाब तो सांधा एका रेषेत उसवतो. तिरक्या वेढ्यात तो दाब सबंध नळीभर वाटला जातो आणि लोखंडाचे तंतू नळीभोवती आडवे पडतात.

याच प्रकरणात उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावं आली आहेत. बादशहाच्या दरबाराचा वृत्तांत लिहिताना लोहाराचं नाव टिपून ठेवावंसं वाटलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. इतकंच नाही, प्रत्येक बंदुकीवर काय कोरलेलं असे याचीही नोंद आहे : लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं, कारागीर कोण, बंदूक कुठे घडली, तारीख आणि क्रमांक. अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव ‘संग्राम’. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमलला लागलेली गोळी याच बंदुकीतली.

आता १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ८ वाचा. बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची कोणतीही खूण खोडणं, काढणं, बदलणं किंवा खोटी उठवणं हा गुन्हा आहे. बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा तशी खूण नसलेली बंदूक विकता येत नाही, दुसऱ्याला देताही येत नाही. कलम ५ म्हणतं की परवान्याशिवाय बंदूक बनवायची नाही, दुरुस्त करायची नाही, तिची चाचणीही घ्यायची नाही. अकबराच्या कारखान्याला आणि आजच्या कायद्याला एकच गोष्ट हवी आहे. ही नळी फुटली तर जबाब कुणाला विचारायचा, ते नळीवर लिहिलेलं असावं.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर नांदेडपेक्षा मोठं शस्त्रांचं स्थान मराठवाड्यात नाही. सचखंड श्री हजूर साहिब इथे गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं जपलेली आहेत. सोन्याची कट्यार, पस्तीस बाणांचा भाता, दोन धनुष्यं, रत्नजडित पोलादी ढाल, तलवारी आणि त्यांतच एक तोड्याची बंदूक. गुरूंनी देह ठेवला १७०८ साली. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. रोज संध्याकाळी आरतीनंतर संगतीला शस्त्रांचं दर्शन घडवतात. शस्त्राकडे एवढ्या निष्ठेने पाहणारी जागा आपल्यापासून काही तासांवर आहे आणि आपल्यातले कितीतरी जण नांदेडला नुसता बाजारहाट करून, ती न पाहताच परत येतात.

गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रं घडवणारे आणि त्यांना पाणी चढवणारे लोक म्हणजे शिकलगर. हे नाव गुरूंनीच दिलं, असं त्यांची परंपरा सांगते. नांदेडमध्ये आणि महाराष्ट्रात इतरत्रही शिकलगर शीख कुटुंबं आहेत. तलवारीला धार लावणारे हे हात आज कढया, चाळण्या, बादल्या, कोयते आणि चाव्या बनवतात. इंग्रजी मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्याने अशा कारागिरांचा पिढीजात धंदा मोडला. निजामाच्या राज्यात तो कायदा थेट लागू नव्हता, पण कारखान्यात तयार झालेल्या विलायती बंदुकांपुढे हातची नळी इथेही टिकली नाही. पुढे बेकायदा हत्यारांच्या काही प्रकरणांवरून संपूर्ण समाजाकडेच संशयाने पाहण्याची सवय लागली. हा अन्याय आहे. ज्याच्या आजोबाने बादशाही दर्जाचं पोलाद हाताळलं, त्याला आज भट्टी पेटवली तरी कुणी काय म्हणेल याची धास्ती वाटावी, हे बरं नाही. बिहारच्या मुंगेरला मीर कासिमने अठराव्या शतकात शस्त्रशाळा काढली आणि तिथल्या कारागिरांना पुढे परवान्याच्या कारखान्यांची वाट मिळाली. नांदेडच्या कारागिरांसाठीही शासनाने तशी वाट शोधावी, निदान त्यांच्याकडचं ज्ञान नोंदवून तरी ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

कच्च्या मालासाठीही आपला भाग गरीब नव्हता. मांजरा ओलांडून पलीकडे गेलं की निजामाबाद जिल्हा लागतो आणि त्याच जिल्ह्यात कोनासमुद्रम आहे. तिथल्या मुशीत बनलेलं पोलाद घ्यायला इराणी व्यापारी येत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॉयसी या इंग्रज निरीक्षकाने त्या भट्ट्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. नांदेड आणि निजामाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते, त्यामुळे हा वारसा परका समजायचं कारण नाही. खुद्द हैदराबादेत फ्रेंच सरदार रेमंडने निजामासाठी तोफा आणि बंदुकांचे कारखाने काढले. १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांसमोर उभ्या राहिलेल्या निजामी पलटणी त्याच्याच. त्याच्या ओतशाळेच्या परिसराला हैदराबादेत आजही ‘गनफाउंड्री’ म्हणतात.

मराठी मुलखातल्या बंदूककारागिरांना जगाने दाद दिल्याचा एक जुना दाखला गोव्याचा आहे. १५१० साली गोवा घेतल्यावर आफोन्सो द आल्बुकेर्क इथल्या कारागिरांचं काम पाहून थक्क झाला. बोहेमियाचे बंदूककार तेव्हा युरोपात पहिल्या प्रतीचे मानले जात. गोव्याचे लोक त्यांच्या तोडीचे आहेत, असं त्याने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं. पुढे १५४३ साली पोर्तुगीजांनी जपानच्या तानेगाशिमा बेटावर तोड्याच्या बंदुका नेल्या. त्या बंदुकांची घडण गोवा-मलाक्का भागातली होती, असं अनेक अभ्यासक मानतात. तिथल्या तलवार घडवणाऱ्या लोहाराने नळी हुबेहूब उतरवली, पण बूड बंद करणारा आट्यांचा स्क्रू काही केल्या जमेना. तो शिकायला पुढच्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज लोहाराची वाट पाहावी लागली, अशी तिथली कथा आहे. ठासणीच्या नळीत बूड किती महत्त्वाचं, हे यावरून लक्षात यावं. आज ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक नेमबाजी स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीने पन्नास मीटरवर नेम धरण्याचा जो प्रकार आहे, त्याचं नावच ‘तानेगाशिमा’ आहे.

रायफल हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण आपल्या शेतकऱ्यांकडची ठासणीची बंदूक रायफल नसते. रायफलच्या नळीत आतून पेच कोरलेले असतात. गोळी त्या पेचांतून गिरक्या घेत निघते आणि सरळ दूर जाते. १८५७ च्या असंतोषाला ठिणगी लावणारी एनफिल्ड ही ठासणीचीच, पण पेचदार होती. साध्या गुळगुळीत नळीत छर्रे चालतात, पण पन्नास-साठ पावलांपलीकडे भरवसा उरत नाही. पिकात शिरलेलं जनावर हुसकायला तेवढं पुरतं.

कायद्यातही तिला मानाची जागा आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन आहे. खऱ्या पीकसंरक्षणासाठी ती मागणाऱ्या नागरिकाला, नाकारण्यासारखं कारण नसेल तर, परवाना द्यायचा आहे. आपल्याकडे हा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर असो वा रोही, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहेच आणि जनावर मारायला वन अधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर नेम धरायचा विचारही करू नये. नुसता मोकळा बार काढून कळप पळवता येतो, आणि बहुतेक जुने शेतकरी तेच करत. निवडणूक आली की बंदुका अनेकदा ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि नेमकं पीक उभं असेल तर शेतकऱ्याची पंचाईत होते. कोकणात हे गाऱ्हाणं दर निवडणुकीला ऐकू येतं. पीकसंरक्षणाच्या परवान्यांचा वेगळा विचार व्हावा, ही मागणी मला रास्त वाटते.

परवाना असलेल्यांनी चालवताना काय पाळावं, हे जाणत्या माणसांकडून शिकून घेण्यासारखं आहे. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधी ओतू नये, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर शिंग हातातच पेटतं. मापाने मोजून, मापातूनच ओतावं. गजावर रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची अशा दोन खुणा करून ठेवाव्यात. गज आत सोडला की बंदूक भरलेली आहे की नाही, गोळी दारूवर टेकली की नाही, लगेच कळतं. टोपी सगळ्यात शेवटी, नळी मोकळ्या दिशेला धरूनच बसवावी. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांबावं, तोंडाकडून डोकावू नये. काडतुसातली बिनधुराची दारू हिच्यात कदापि घालू नये. तिचा दाब या नळीला सोसत नाही. आणि काम झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावावं. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत रात्रीतून नळी गंजायला लागते. आत गंजाने खड्डे पडलेली नळी बाहेरून कितीही चकाकली तरी ती उडवू नये.

वाचकांकडून वारंवार येणारा प्रश्न वडिलोपार्जित बंदुकीचा असतो. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावर होता, बंदूक माळ्यावर आहे, काय करावं? ती तशीच ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करून पावती घ्यावी, मग वारस म्हणून अर्ज करावा. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय सत्तर झालं किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली की, त्याने नेमलेल्या वारसाला परवाना देता येतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे त्यांच्या डोळ्यांदेखत उरकून घ्यावं. भिंतीवर शोभेला लावलेली जुनी बंदूक आपोआप कायद्याबाहेर जाते, ही समजूत चुकीची आहे. दुरुस्त करूनही जी बंदूक म्हणून चालणार नाही, अशाच जुन्या किंवा मोडक्या हत्याराला ती सूट आहे. जमा करण्यापूर्वी नळीवर कानाजवळ आणि बुडाजवळ कोरलेली अक्षरं वाचून घ्यावीत आणि कागदावर उतरवून ठेवावीत. मोडी असेल, फारसी असेल, नुसता आकडा असेल. ती घासून काढू नयेत. आधी सांगितल्याप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि त्या नळीच्या कारागिराचा तेवढाच एक पत्ता कदाचित उरलेला असेल.

पुढच्या लेखांकात कोनासमुद्रमची मूस : माती, कोळसा, लोखंड आणि त्यातून पोलाद कसं उतरत असे, ते सविस्तर पाहू.