कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर पावले केव्हा सावरतात?

द्राक्षबागेची गोडी छाटणी तोंडावर आलेली असते आणि नेमका त्याच वेळी घरातला कर्ता माणूस कमरेतून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या कळेने अंथरूण धरतो. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यापासून सातपूर-अंबडच्या कामगारापर्यंत हा अनुभव अनेकांचा आहे. औषधे, विश्रांती, व्यायाम यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो. ‘छेद अगदी लहान, दुसऱ्या दिवशी घरी’ हे ऐकून, चालणेही दुसऱ्याच दिवसापासून पूर्ववत होणार, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे.

मणक्यांमधील गादी सरकून नस दाबली जाते, म्हणून पाय दुखतो, ही गोष्ट बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये प्रथम स्पष्टपणे मांडली. त्या काळी मोठा छेद घेऊन पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शक आला. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी स्नायू न कापता, त्यांचे तंतू बाजूला सारत आत जाणाऱ्या नळीची पद्धत मांडली. आता दोन-अडीच सेंटिमीटरच्या छेदातून गादीचा सरकलेला भाग काढता येतो. रक्तस्राव कमी होतो, जखम कमी दुखते आणि रुग्ण त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उभा राहतो. मात्र वर्ष-दोन वर्षांनी पाहिल्यास, मोठ्या छेदाच्या आणि लहान छेदाच्या रुग्णांच्या पायदुखीत फारसा फरक आढळत नाही. छेदाचा आकार पहिल्या काही आठवड्यांचे सुख ठरवतो. पुढचे चालणे ठरवणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ आजार. तरुणाची गादी सरकलेली असेल, तर नस मोकळी होताच पायातली कळ बहुधा तत्काळ थांबते. साठी ओलांडलेल्यांमध्ये मणक्यातील मार्गच अरुंद झालेला असतो. असा माणूस पांडवलेण्यांच्या पायऱ्या पुढे झुकून एकवेळ चढेल, पण उतरताना ताठ व्हावे लागले की त्याचे पाय जड होतात. खाली बसले की बरे वाटते, कारण वाकल्यावर तो मार्ग थोडा रुंदावतो. मार्ग मोकळा केल्यावर या रुग्णांचे चालण्याचे अंतर वाढते, पण हळूहळू. मणके स्क्रूने जोडावे लागले असतील, तर हाड सांधण्यास काही महिने जातात.

दुसरी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती नस किती काळ दबलेली होती, ही. सहा महिन्यांहून अधिक काळ पायदुखी अंगावर काढलेल्यांना शस्त्रक्रियेचा लाभ तुलनेने कमी मिळतो, असे अभ्यासांत दिसले आहे. कळ आधी जाते, शक्ती सावकाश परतते आणि बधिरपणा सर्वांत जास्त रेंगाळतो. चालताना चप्पल पायातून निसटणे, टाचांवर उभे राहता न येणे ही पावलाची शक्ती गेल्याची खूण होय. नसेचा तंतूच सुकला असेल, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले, तर रुग्णाला धीर का धरावा लागतो, हे कळते.

रुग्णाच्या शरीराची अवस्थाही पाहावी लागते. मधुमेहाने पायांच्या नसा आधीच मंदावलेल्या असतात. तंबाखू, मग ती बिडीतली असो वा मळलेली, रक्तवाहिन्या आकुंचित करते व हाड जुळण्यात अडथळा आणते. गुडघे झिजलेले असल्यास कंबर बरी होऊनही चाल लंगडीच राहते आणि दोष मात्र शस्त्रक्रियेला दिला जातो!

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे, तो मायेचा. ‘कंबरेचे ऑपरेशन झाले, आता महिनाभर पडून राहा,’ असा सल्ला घरोघर मिळतो. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू आठवडाभरातच क्षीण होऊ लागतात आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हालचालीची भीती मनात बसलेले रुग्ण, वेदना थांबूनही, कमी चालतात. शस्त्रक्रियेपूर्वीच फिजिओथेरपिस्टने कुशीवर वळून कसे उठावे, हे शिकवले, तर ही भीती बरीच ओसरते.

चालावे कसे, तर दिवसातून चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटे, सपाट जागी. घराचा व्हरांडा पुरतो. पुढे गोल्फ क्लब मैदानावर जाता येते. एकदाच तासभर फिरून दोन दिवस झोपून राहण्यापेक्षा हे बरे. पुढे वाकून बसण्याने गादीवर ताण बराच वाढतो, म्हणून जमिनीवर बसून जेवणे व भारतीय पद्धतीचे शौचालय पहिले काही आठवडे टाळण्यास सांगतात. दुचाकीवरचे गतिरोधक आणि खड्डे हा तर स्वतंत्रच विषय! बैठे काम साधारण दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते. कांद्याची गोणी उचलणे वा ट्रॅक्टरवर बसून फवारणी करणे याला दोन-तीन महिने लागू शकतात. मणके जोडले असल्यास त्याहून अधिक. ब्रह्मगिरीची फेरी करायची असल्यास शल्यचिकित्सकांना आधी विचारावे, कारण काही रुग्णांत गादी पुन्हा सरकते.

थोडी कंबरदुखी, मधूनच पायात मुंग्या येणे हे पहिल्या आठवड्यांत अपेक्षितच असते. ताप, जखमेतून स्राव, पोटरीला एका बाजूने सूज किंवा पायाची शक्ती नव्याने कमी होणे, यांसाठी मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लघवी अडली, किंवा बसण्याच्या जागी बधिरता जाणवली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जावे.