दिवाळीनंतर रिकामी होणारी वाडी



कळंब परिसरातील कातकरी कुटुंबे मंडळीत का टिकत नाहीत, असे आपण विचारता. मीही आधी त्यांच्या विश्वासालाच दोष देत असे. खरे कारण उचल. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा ठेकेदाराकडून आगाऊ पैसे घेतात आणि ते फेडायला दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. परततात थेट पावसाच्या तोंडावर. नाताळचा केक घेऊन आपण वाडीत पोहोचतो तेव्हा तिथे म्हातारी माणसेच!

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्या दारात वाट पाहत बसल्या नाहीत. आम्हीही आता काम आटोपल्यावर भट्टीवरच प्रार्थनेला बसतो. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ करतो, पण त्या बदल्यात कोणाचा विश्वास विचारत नाही. तो सौदा नव्हे.

गेल्या पावसाळ्यात एक बाई उपासनेला आली आणि चपलांपाशीच बसली. कोणी पुढे बोलावले नाही. मीही नाही. पुढच्या रविवारी आमच्या एका आजीबाई उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर ती सासूलाही घेऊन आली.

भट्टीवर अंथरायला दोन सतरंज्या आणि एक सोलर कंदील हवा आहे. जमल्यास कळवावे.