चामड्याच्या आसनांची निगा : थोडी, पण नियमित

वाहनकर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या दरपत्रकात अलीकडे ‘लेदर सीट्स’ ही नोंद वारंवार आढळते. एके काळी केवळ महागड्या मोटारींचे भूषण असलेली ही आसने आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली आहेत. गाडी घेताना इंजिन, मायलेज आणि रंग यांची चौकशी कसोशीने केली जाते. आसनांची निगा कशी राखावी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच चालकाच्या आसनाची कड भेगाळू लागते. चामड्याला एकदा पडलेली भेग पूर्ववत होत नाही, ती फार तर झाकता येते.

दिल्लीच्या हवेची परीक्षा

यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहारसारख्या वसाहतीत अनेक गाड्या इमारतींखाली उघड्यावरच उभ्या असतात. मे-जूनमध्ये कोरडी लू, तिच्यासोबत येणारी धूळ, जुलैपासून दमट हवा आणि हिवाळ्यात धुरकट धुके, असे चारही ऋतू आसनांची परीक्षा पाहतात. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. बंद गाडीच्या आत तर ऊन कोंडले जाते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कडक उन्हाळ्याच्या दिवसांत तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांची आसने सरासरी ५१ अंशांपर्यंत तापली, तर सावलीतील गाड्यांची ४१ अंशांपर्यंत. सावली लाभली की आसनांना दहा अंशांचा दिलासा मिळतो, तोही विनामूल्य!

कोल्हापुरी वहाण आणि गाडीचे आसन

आपल्याकडे चामडे म्हटले की तेल आठवते. कोल्हापुरी वहाणेला तेल पाजण्याची रीत योग्यच आहे. कारण ते चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले असते, त्याची रंध्रे उघडी असतात आणि ते तेल शोषून घेते. गाडीच्या आसनांचे चामडे बहुतांशी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा व पारदर्शक संरक्षक लेपाचा थर असतो. आपण हात फिरवतो तो वस्तुतः या लेपावर. त्यावर खोबरेल तेल लावल्यास ते आत न मुरता वरच राहते, धूळ धरून ठेवते आणि कपड्यांना डाग पाडते. म्हणून कोल्हापुरीचे शहाणपण येथे उपयोगी पडत नाही. गाडीच्या आसनाची निगा म्हणजे प्रामुख्याने त्या लेपाची निगा.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अनेक गाड्यांत बसण्याची व टेकण्याची जागाच तेवढी खऱ्या चामड्याची असते. बाजू आणि मागील भाग कृत्रिम चामड्याचे असतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख सापडतो. कृत्रिम चामड्याला स्वच्छता पुरते, चामड्यासाठीचे कंडिशनर लागत नाही.

स्वच्छता : क्रम महत्त्वाचा

आसनांचा खरा शत्रू म्हणजे बारीक धूळ. घाम व तेलकटपणात मिसळून ती घासकागदासारखे काम करते. म्हणून प्रथम मऊ ब्रशच्या व्हॅक्यूम क्लीनरने शिवणी आणि घड्यांतील धूळ काढावी. त्यानंतर चामड्यासाठीचे सौम्य क्लीनर आसनावर न ओतता मऊ ब्रशवर किंवा कापडावर घेऊन, एका वेळी हातभर जागा हलक्या हाताने पुसावी. ओलसर मायक्रोफायबर कापडाने फेस टिपून लगेच कोरडे करावे. आसनात हवा खेळण्यासाठी छिद्रे असतील तर ओल आत जाणार नाही, याची विशेष दक्षता घ्यावी. कोणतेही नवे द्रावण आधी आसनाखालच्या, न दिसणाऱ्या भागावर लावून पाहावे.

कपडे धुण्याचा साबण आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर टाळावेत. त्यांनी संरक्षक लेप झिजतो. सकाळी गाडी पुसणाऱ्यास आतील भागासाठी वेगळे कापड द्यावे. बाहेरची धूळ टिपलेले फडके आसनावर फिरले की बारीक ओरखडे उठतात. नव्या जीन्सचा निळा रंग फिकट आसनांवर उतरतो. तो जुना होण्याआधीच पुसावा.

स्वच्छता झाल्यावर तीन-चार महिन्यांतून एकदा कंडिशनरचा अगदी पातळ थर द्यावा आणि अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने उरलेला भाग टिपून घ्यावा. आरशासारखी चकाकी देणारी सिलिकॉनयुक्त द्रावणे आसन निसरडे करतात. निरोगी चामडे मंद, मऊ दिसते. पावसाळ्यात बुरशी टाळण्यासाठी ओल्या छत्र्या व टॉवेल आसनावर ठेवू नयेत.

संरक्षण आणि सुरक्षितता

गाडी उभी करताना पुढील काचेला सूर्यरोधक पडदा लावावा. शक्य असल्यास गाडीचे तोंड आलटून-पालटून बदलावे, म्हणजे ऊन एकाच आसनावर पडत नाही. आसने जपण्यासाठी वर जाड आवरणे शिवून घेण्याची प्रथा मात्र विचारपूर्वक पाळावी. अनेक गाड्यांत पुढील आसनांच्या पाठीच्या बाहेरील कडेत एअरबॅग बसवलेली असते. घट्ट आवरणामुळे अपघाताच्या क्षणी ती उघडण्यास अडथळा येऊ शकतो. चामड्याच्या काळजीपोटी जिवाचे कवच झाकू नये.

हिशेबाची बाजू

वाहन विम्यात नैसर्गिक झीज समाविष्ट नसते. भेगाळलेल्या आसनांचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. विम्याच्या तक्त्यानुसार एक ते दोन वर्षे वयाच्या गाडीच्या मूल्यातून २० टक्के, तर चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीच्या मूल्यातून ५० टक्के घसारा वजा होतो. पाच वर्षांनंतर हे मूल्य विमा कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. गाडी विकताना तर खरेदीदार दार उघडताच प्रथम आसनांकडे पाहतो. घसारा कोणालाच थांबवता येत नाही. पण निष्काळजीपणाची त्यातील भर टाळणे आपल्या हाती आहे.

कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे नजरगहाण असली, तरी ती वापरतो आपण आणि जपायचीही आपणच. हप्त्यासाठी महिन्याची एक तारीख आपण न चुकता पाळतो. तसाच महिन्यातील एका रविवारचा अर्धा तास आसनांसाठी राखून ठेवला, तर मोठ्या दुरुस्तीची वेळ बरीच लांबणीवर पडेल.