मातीचं कबूतर आणि शाळेची पोरं

मिनेसोटातल्या एखाद्या मराठी घरात हा प्रसंग सहज घडू शकतो. मार्च संपत आलाय, अंगणातला बर्फ अजून पुरता वितळलेला नाही, आणि आठवीतली मुलगी शाळेतून एक फॉर्म घेऊन येते. वर लिहिलंय 'ट्रॅप टीम'. खाली पालकांची सही हवी. आई फॉर्म उलटसुलट करून बघते आणि विचारते, "ट्रॅप म्हणजे काय गं?" मुलगी सांगते, "बंदुकीनं उडत्या चकत्या फोडायच्या." पुढची दोन मिनिटं त्या घरात कुणी बोलत नाही.

अमेरिकेत 'शाळा' आणि 'बंदूक' हे शब्द जवळ आले की आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. तरीही या एका राज्यात दरवर्षी हजारो मुलंमुली शाळेच्या नावाचा शर्ट घालून बारा बोअरची बंदूक खांद्याला लावतात. हे सगळं सुरू झालं ते म्हाताऱ्यांपायी, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतला गन क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी भपकेबाज येतं. प्रत्यक्षात गावाबाहेर एक बैठी इमारत, आत दिवसभर उकळत राहिलेली कॉफी, भिंतीवर जुन्या संघांचे पिवळे पडलेले फोटो, आणि बाहेर माळावर ओळीनं अर्धवट जमिनीत गाडलेली काँक्रीटची खोपटी. आठवड्यातून एका संध्याकाळी गावातलं हार्डवेअरचं दुकान, गॅरेज, बार यांच्या नावानं पाच-पाच जणांचे संघ येतात. शेतकरी, मेकॅनिक, निवृत्त मास्तर. आपल्याकडे गावच्या तालमीला जे स्थान होतं, साधारण तेच या क्लबांना तिथे आहे. तालमींचं पुढे जे झालं, तेही इथे होऊ घातलं होतं. शतक संपेपर्यंत अनेक क्लबांत केस पांढरे झालेलेच सभासद उरले, नव्यानं येणारं कुणी नाही, आणि शहरं पसरत पसरत कुंपणाला येऊन भिडली.

जिम सेबल हे मिनियापोलिसजवळच्या प्लिमथ गन क्लबचे सभासद. जाहिरातीच्या धंद्यातून निवृत्त झालेले. आपल्या पिढीबरोबर क्लबही जाणार हे त्यांना दिसत होतं, आणि गिऱ्हाईक कुठून आणायचं याचा विचार तर त्यांनी जन्मभर केला होता. २००१ मध्ये त्यांनी जवळच्या ओरोनो गावच्या शाळेतली मुलं क्लबवर आणायला सुरुवात केली. २००८ मध्ये रीतसर लीग झाली तेव्हा तीन संघ आणि तीस मुलं होती. पुढच्या दहा वर्षांत शेकडो शाळा आल्या, आणि अलेक्झांड्रिया गावी जूनमध्ये होणाऱ्या राज्य स्पर्धेला आठ हजारांच्या वर मुलं उतरू लागली. ही स्पर्धा नऊ-नऊ दिवस चालते. हीच पद्धत मग इतर राज्यांनीही उचलली.

आता खेळ बघू. त्या खोपट्यात एक यंत्र असतं, तेच 'ट्रॅप'. त्याच्या मागे १६ यार्डांवर, म्हणजे साधारण साडेचौदा मीटरवर, पाच जागा आखलेल्या. पाच नेमबाज, प्रत्येकाला एकेका जागेवरून पाच बार, मग सगळ्यांनी एक जागा सरकायचं. पंचवीस चकत्यांचा एक राउंड. नेमबाज बंदूक खांद्याला लावतो, गाल दस्त्यावर टेकवतो आणि म्हणतो, "पुल!" यंत्र चकती भिरकावतं. ती डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण यंत्र आत सतत इकडून तिकडे मान हलवत असतं.

चकतीचा वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या एसटीपेक्षा फार जास्त नाही. पण ती तुमच्यापासून लांब पळत असते. नेमबाज चाप ओढेपर्यंत ती पंचवीस-तीस मीटरवर गेलेली असते, आणि छर्रे तिथवर पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा घेतात. तेवढ्यात ती आणखी मीटर-दीड मीटर पुढे. त्यामुळे चकती जिथे दिसते तिथे बार टाकला तर ती हमखास चुकते. सीमारेषेवर झेल घेणारा खेळाडू चेंडूकडे पळत नाही, चेंडू जिथे पडणार तिथे पळतो. इथे तेच काम बंदुकीच्या नळीनं करायचं. नजर मात्र चकतीवरच. नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघायला गेलात की संपलं. रायफलवाले श्वास रोखून स्थिर होतात. ट्रॅपवाल्याला हलता हलताच बार काढावा लागतो.

मला या खेळातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मागे खुर्चीवर गुण लिहिणारा बसलेला असतो. चकती फुटली तर तो काही बोलत नाही, कागदावर खूण करतो. चुकली तरच मोठ्यानं म्हणतो, "लॉस्ट!" म्हणजे पंचवीसच्या पंचवीस फोडणाऱ्याच्या वाट्याला संपूर्ण शांतता. नियमही कडक. चकतीची नुसती धूळ उडून चालत नाही, डोळ्यांना दिसेल असा एक तरी टवका निघाला पाहिजे.

ही चकती हातात घेतली तर चहाच्या बशीची आठवण होते. अकरा सेंटीमीटरच्या आतबाहेर व्यास, शंभर ग्रॅम वजन, काळ्या पोटावर नारिंगी किंवा पिवळा रंग. नाव 'क्ले', पण आत माती नसतेच. डांबरासारखं पिच आणि चुनखडीची पूड. खिशात ठेवून फिरलात तर घरी तुकडेच पोचतील, इतकी ठिसूळ.

तिच्या आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सापळ्यात जिवंत कबूतर ठेवायचं, दोरी ओढायची, आणि उडालं की गोळी. 'ट्रॅप' आणि 'पुल' हे दोन्ही शब्द तिथलेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या खेळापायी प्रवासी कबुतरांचे थवेच्या थवे जाळ्यात धरून आणले जात. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या एका स्पर्धेसाठी वीस हजार पक्षी आणले होते. त्याच्या एकच वर्ष आधी सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्की यांनी मातीच्या उडत्या चकतीचं पेटंट घेतलं होतं. पोरं पाण्यावर भाकऱ्या काढत होती, ते बघून त्यांना ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. सुरुवातीच्या भाजलेल्या चकत्या इतक्या टणक असत की छर्रे लागूनही फुटत नसत. प्रवासी कबुतरांना मात्र चकतीनं वाचवलं नाही. त्यांचं मांस बाजारात विकलं जात होतं, जंगलं तुटत होती. त्या जातीतलं शेवटचं कबूतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी प्राणिसंग्रहालयात मेलं. तेही सिनसिनाटीतच.

पुढे खेळ चकत्यांवर वाढला. मार्चिंग बँडचे बादशहा जॉन फिलिप सूझा यांना त्याचं वेड होतं. वार्षिक 'ग्रँड अमेरिकन' ही ट्रॅपवाल्यांची पंढरी. १९२४ ते २००५ ती ओहायोतल्या व्हॅन्डेलियाला भरली, मग विमानतळाला जागा हवी झाली म्हणून इलिनॉयमधल्या स्पार्टाला, कोळशाच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर गेली. तिथे १२० ट्रॅप एका ओळीत आहेत. ओळ साडेतीन मैलांची. या टोकाचा माणूस त्या टोकाला गाडीनं जातो.

हँडिकॅप नावाचा प्रकार मला फार न्यायाचा वाटतो. चांगलं खेळलात की पुढच्या वेळी मागे व्हायचं. १६ यार्डांवरची शर्यत सगळ्यांना सारखी; हँडिकॅपमध्ये मात्र जो जिंकत जातो त्याला मागे मागे ढकलत २७ यार्डांपर्यंत नेतात. मुरलेला खेळाडू ओळखायचा तो तो कुठे उभा आहे त्यावरून, छातीवरच्या बिल्ल्यांवरून नव्हे.

आणि जो फार मुरला त्याला एक रोग जडतो. हजारो बार काढल्यावर शरीर धक्क्याला आधीच भिऊ लागतं. चकती समोर आहे, मन म्हणतंय ओढ, आणि बोट चापावर गोठून बसतं, किंवा खांदाच झटका देऊन पुढे जातो. याला ते 'फ्लिंच' म्हणतात. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली. उलटा चाप! 'पुल' म्हणण्याआधीच चाप ओढून धरायचा आणि चकती दिसली की बोट सोडायचं. सोडलं की बार उडतो. अशा बंदुकीवर खुणेची चिठ्ठी चिकटवावी लागते, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून हाताळली तर त्याला कळावं.

शाळेच्या मुलांना एवढ्या पुढचं लागत नाही. त्यांची लीग साधी आहे आणि तिची आखणी फार विचारानं केलेली आहे. सहावी ते बारावीची मुलं, मुलगे आणि मुली एकाच संघात. आधी बंदुकीच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र, मगच नोंदणी. सराव शाळेत होत नाही, गावच्या क्लबवर होतो. संघ एकमेकांच्या गावी जात नाहीत. प्रत्येक जण आपल्याच क्लबवर आठवड्याला पन्नास चकत्या मारतो, गुण कळवले जातात आणि त्यावर निकाल लागतो. बसभाड्याचा प्रश्नच मिटला. आणि राखीव खेळाडूंचा बाक नाही. संघात आहेस ना, मग खेळणारच. बास्केटबॉलला ज्याची उंची कमी पडली, फुटबॉलला ज्याचं वजन, जो वर्गात कुणाच्या खिजगणतीत नव्हता, त्याला इथे नावाचा शर्ट मिळतो. २०१४ पासून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनंही या खेळाची अधिकृत स्पर्धा प्रायर लेकच्या मिनियापोलिस गन क्लबवर भरवायला सुरुवात केली.

क्लबांना काय मिळालं? चकत्या खपू लागल्या, काडतुसं खपू लागली, कँटीन चालू लागलं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्यांना काम मिळालं. शंभर मुलं एका संध्याकाळी आली की प्रत्येक ओळीमागे कुणी तरी उभं राहावं लागतं: बंदूक उघडी आहे ना, नळी जमिनीकडे आहे ना, पाळी आल्याशिवाय काडतूस भरलं नाही ना. चष्मा, कानाचे बोळे. हे सगळं तेच बघतात. एके काळी याच खोपट्यांच्या आत पोरं बसत, डोक्यावर बार वाजत असताना यंत्राच्या हातावर एकेक चकती ठेवत. त्यांतली काही आज सत्तरीची आहेत. यंत्र आता आपोआप भरतं; ती मागे उभी राहून नातवंडांच्या वयाच्या मुलांना "गाल खाली, गाल खाली" सांगत असतात. दहांतल्या नऊ चुका गाल दस्त्यावरून उचलल्यानं होतात, असं त्यांचं ठाम मत.

मूळ प्रश्न मात्र तसाच उरतो. शाळांमधल्या गोळीबारांनी पोळलेल्या देशात मुलांच्या हाती बंदूक द्यावी का? यावर तिथेही एकमत नाही. एका शाळेनं वार्षिकांकातल्या संघाच्या फोटोत बंदुका नकोत असं सांगितलं, गावात गहजब झाला, निर्णय मागे घ्यावा लागला. लीगवाले आपल्या सुरक्षेच्या नोंदीकडे बोट दाखवतात, आणि ती नोंद खरोखर चांगली आहे. पण मैदानावर कुणाला इजा होत नाही एवढ्यानं देशातल्या बंदुकांचा प्रश्न सुटत नाही, आणि सुटतो असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शिशाच्या छऱ्यांचंही आहेच. ते माळावर वर्षानुवर्षं साचतात. काही क्लब ठरावीक वर्षांनी माती चाळून शिसं काढतात आणि विकतात. सगळे काढत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रानं नेमबाजीत नाव काढलं ते रायफल-पिस्तुलात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे, सगळी कोल्हापूरकडची. शॉटगनची मोठी नावं दुसरीकडची: १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणारे बिकानेरचे करणी सिंह, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणणारे राज्यवर्धन सिंह राठोड, २००६ चे जगज्जेते मानवजित सिंग संधू. कारण उघड आहे. दहा मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्ये मावते. ट्रॅपला समोर अडीच-तीनशे मीटर मोकळी जमीन लागते आणि प्रत्येक 'पुल'ला एक काडतूस. एवढा खर्च एकट्याच्या खिशाला परवडत नाही. मिनेसोटानं तो क्लब, शाळा आणि गावचं हार्डवेअरचं दुकान यांच्यात वाटून टाकला.

तर फॉर्म हातात घेऊन बसलेल्या त्या आईला माझं एवढंच सांगणं आहे. सही करायची की नाही हे लगेच ठरवू नका. एप्रिलमधली एखादी संध्याकाळ काढा, क्लबवर जा, दोरीच्या मागे उभं राहा आणि दोन राउंड बघा. मुलांकडे बघाच, पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडेही बघा. वारा फार असतो तिकडे. जाड जाकीट न्या, आणि गाडीतून उतरण्याआधी कानात बोळे घाला.