पाणी उतरल्यावरचा पूल

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की खुशालीच्या आधी एक प्रश्न येतो : ‘आयर्विनला पाणी किती?’ कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९च्या महापुरात हा आकडा ५७च्या पुढे गेला. पूल म्हणजे अख्ख्या गावाची मोजपट्टी. पण त्या मोजपट्टीची तब्येत कशी आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

ती विचारायची वेळ आली महाडला. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीला महापूर होता. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणाऱ्या या नदीवर मुंबई-गोवा महामार्गाचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. तो वाहून गेला, आणि अंधारात एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट पाण्यात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका नसल्याचं सांगितलं गेलं होतं.

सावित्रीचं बाजूला ठेवलं, तरी मे महिन्यात पुलाखाली काय दिसतं हे पाहण्यासारखं आहे. पूर खांबाला धडकला की पाणी खाली वळतं, खांबाच्या बुडाशी भोवरा धरतं आणि तिथली वाळू उपसून नेतं. पाया उघडा पडतो तो याच वेळी, पाणी सर्वांत जास्त असताना. पूर ओसरू लागला की तोच खड्डा गाळाने भरत जातो. उन्हाळ्यात नदीत उतरून पाहावं तर पात्र सपाट, खांब जागच्या जागी. गाळ नवा की जुना, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून पाण्यातल्या पुलाला पाणबुड्या लागतो, पात्राची खोली दरवर्षी त्याच जागी मोजून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी लागते आणि पायाभोवती मोठे दगड किंवा जाळीत बांधलेले धोंडे टाकून नदीची भूक भागवावी लागते.

पाणी वरूनही येतं. पुलाच्या दोन गाळ्यांमध्ये फट ठेवलेली असते. उन्हात पूल वाढतो, थंडीत आखडतो, त्यासाठी ती जागा. गाडी जाताना जिथे ‘धडक-धडक’ होतं, तो हा सांधा. त्यातलं रबर फाटलं की पावसाचं पाणी थेट खाली, खांबावरच्या बेअरिंगवर गळतं. रस्ता गुळगुळीत दिसावा म्हणून डांबराच्या थरावर थर चढत जातात. पुलावरचं ओझं वाढतं, आणि पाणी खाली सोडणारी भोकंही त्यात बुजतात. कडेला साचलेल्या मातीत पिंपळ रुजतो. तो नुसता छाटला तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटतो. मूळ मारावं लागतं.

मडकं आपण वाजवून घेतो, तसाच पूलही वाजवून पाहतात. हातोडीचा टणत्कार आला तर काँक्रीट शाबूत. बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलाय. लोखंड गंजतं तेव्हा फुगतं, मूळ जागेत मावत नाही आणि भोवतीच्या काँक्रीटला फोडून बाहेर डोकावतं. अशा जागा खालच्या अंगाला असतात, म्हणून त्यासाठी एक खास गाडी येते. ती वर रस्त्यावरच उभी राहते, तिचा लांब हात कठड्यावरून वळून पुलाच्या पोटाखाली जातो आणि त्यावरच्या पाळण्यात उभं राहून माणसं पूल ठोकत पुढे सरकतात.

गर्डर आणि खांब यांच्यामधलं बेअरिंग पुलाइतकं जगत नाही. ते बदलायचं तर गर्डर काही मिलिमीटर उचलावा लागतो. सगळे जॅक एकाच दमात वर गेले पाहिजेत. एखादा पुढे धावला तर तडा जातो. हेच जॅक वेळ पडली तर जास्तही उचलतात. अंधेरीत नवा गोखले पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांची उंची जुळेना, तेव्हा २०२४ साली बर्फीवाला पुलाचा भाग जॅकवर उचलून दोन्ही जोडले गेले.

खालचं पाणी, वरचं पाणी, आणि पूल पोखरणारी तिसरी वाट खाऱ्या हवेची. पणजीत मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ला कोसळला, तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. काँक्रीट ताणून धरणाऱ्या पोलादी तारा आतून गंजल्या होत्या. मांडवीच्याच काठाने पणजीहून रायबंदरला जाणारा जांभ्या दगडाचा लांबलचक पूल मात्र सतराव्या शतकातला, पोर्तुगीज काळचा आहे आणि आजही त्यावरून वाहनं जातात. नदी तीच, खारी हवा तीच. पण दगडात गंजायला लोखंडच नाही. त्याचं दुखणं पायाचं आणि मुळांचं. म्हणजे वयावरून पुलाचा भरवसा धरता येत नाही. कोणत्या पुलाला कोणता रोग लागू शकतो, हे ओळखून तिथेच बोट ठेवावं लागतं.

नाहीतर तपासणी कागदावरच राहते. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी कोसळून सात जणांचा जीव गेला. आदल्या वर्षीच्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्तीचा शेरा मिळाला होता.

महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ला, पुढचा पावसाळा तोंडावर असताना, तो खुला झाला. मनात आणलं तर आपण पूल किती झपाट्याने बांधतो, हे त्यातून दिसलं. देखभालीला मात्र हा झपाटा उपयोगाचा नाही. तिचं काम संथ, दरवर्षी तेच : तीच भोकं मोकळी करायची, तोच सांधा पाहायचा, त्याच खांबापाशी खोली मोजायला दोरी सोडायची.

आयर्विनचं पाणी ४० फुटांच्या खाली आलं की सांगली सुटकेचा श्वास टाकते आणि बातमी संपते. पुलाच्या तपासणीची खरी वेळ तेव्हा सुरू होते : गाळ बसून घट्ट होण्याआधी, खांबाच्या बुडाशी.