माळ्यावरचे डबडे

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरात जे सुरू होते त्याला साफसफाई म्हणणे म्हणजे लढाईला बाचाबाची म्हणण्यासारखे आहे. सौ. कमरेला पदर खोचून स्टुलावर उभ्या राहतात आणि माळ्यावरून एकेक वस्तू खाली येऊ लागते. मी खाली उभा राहून त्या झेलायच्या आणि प्रत्येक वस्तूवर ‘हे लागेल कधीतरी’ असे म्हणायचे, असा आमचा वर्षांचा परिपाठ आहे. २०२४ च्या दिवाळीत या क्रमात प्रथम एक फुटका पाळणा आला, मग तीन कंदील, आणि मग जुन्या चादरीत गुंडाळलेला माझा संगणक आला.

“अहो, आठ वर्षांत कोणी याला हात लावला नाही. भंगारवाला दारात उभा आहे. जाऊ द्या आता हे डबडे,” सौ. म्हणाल्या.

भंगारवाल्याने तेवढ्यात काटा पुढे केलाही होता. सतरा इंची जाडजूड पडदा त्याने बोलता बोलता नेला. पण डबा मी पोटाशी धरला. तो का धरला, हे वाचकांना सांगायला हवे.

२००४ साली मी नांदेडला तासिका तत्त्वावर शिकवत होतो. नवीनच एम. ए. झालेला, त्यामुळे सगळ्या जगाचे शुद्धलेखन आपल्यालाच सुधारायचे आहे अशा थाटात वावरणारा. पतसंस्थेचे कर्ज काढून हा संगणक घेतला होता. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क! आज खिशातल्या फोनलाही त्या आकड्यांचे हसू येईल, पण त्या वेळी शेजारीपाजारी बघायला येत. त्या यंत्रावर मी पहिले मोठे काम केले ते आईच्या ओव्या टंकित करण्याचे.

आईचे माहेर औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, तिकडची गावे जमिनीला मिळाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे वजनदार माळवद. उन्हाळ्यात जे घर गारवा देई, तेच झोपलेल्या माणसांवर कोसळले. जवळजवळ दहा हजार माणसे त्या भूकंपात गेली. ज्या बायकांबरोबर आई लहानपणी जात्यावर बसली होती त्यांतल्या कित्येकजणी त्या पहाटे गेल्या. त्यांच्या ओव्या आईच्या तोंडी राहिल्या होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तो उद्योग मला तेव्हा ठाऊकही नव्हता. मी आपला एक टेपरेकॉर्डर घेऊन आईसमोर बसलो आणि ४१२ ओव्या उतरवल्या.

पुढे कॅसेटींना बुरशी लागली. वही वाळवीने खाल्ली. एक सीडी काढून ठेवली होती, तीही काही वर्षांनी वाचली जाईना. राहिली ती त्या डब्यातली फाइल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा आई पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे नांदेडला येऊन राहिली. तिच्या खाटेला जागा हवी म्हणून संगणक माळ्यावर गेला. फाइल आहेच, केव्हाही काढू, अशी माझी समजूत. आणि गेल्या दोन वर्षांत आईची आठवण पुसट होत चालली आहे. ती लातूरला धाकट्या बहिणीकडे असते. नातीचे नाव तिला आठवत नाही. ओवी म्हण म्हटले तर पहिला चरण सुरू करते आणि खिडकीकडे पाहत बसते.

तर डबा टेबलावर ठेवून मी कळ दाबली. काही नाही. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही.

अशा वेळी माणसाचा पहिला विचार ‘जळला’ हा असतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. प्रथम भिंतीपासून सुरुवात करावी. त्याच खोबणीत टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. म्हणजे वीज येते आहे. मग तार बदलून पाहिली. डब्याच्या पाठीमागे, जिथे तार जाते, तिथे एक छोटी कळ असते, ती पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. शेजारी एक लाल खटका असतो, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्याकडे तो २३० वरच हवा; पोराने खेळता खेळता ११५ वर सरकवला तर एक फट्‌ असा आवाज येतो आणि खेळ संपतो. आमचा २३० वरच होता.

मग तार काढून डबा उघडला. आत नऊ-दहा प्रकारची धूळ, आणि एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफले. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला होता. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि तो जगप्रसिद्ध झाला. आमच्या पालीची टरफले सौ.नी सुपलीत भरून बाहेर टाकली.

धूळ मऊ कुंचल्याने झाडून पुन्हा कळ दाबली, तेव्हा पंखा एक गिरकी घेऊन थांबला. ही खूण महत्त्वाची. डब्यात वरच्या अंगाला जी पत्र्याची पेटी असते, ती एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती आतल्या अवयवांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देते. तिच्यातली आणि मदरबोर्डवरची कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी वयोमानाने फुगतात. त्यांचे डोके सपाट असायला हवे. पोळीसारखे फुगले किंवा वर तपकिरी खपली दिसली तर समजावे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर अशी निकृष्ट नळकांडी लाखो यंत्रांत बसली होती. आमचा मदरबोर्ड ठीक दिसला. पत्र्याची पेटी मात्र उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात जिवाला धोका होईल एवढी वीज साठून राहू शकते. ती अख्खीच बदलायची असते. मी शेजारच्या घरून त्यांची जुनी पेटी उसनी आणली.

पंखा फिरू लागला! पण पडदा काळाच, आणि डबा थांबून थांबून लांब हाका मारू लागला. कोणत्या हाकेचा अर्थ काय हे बनावटीप्रमाणे बदलते, पण अशी लांब लांब हाक बहुतेक वेळा रॅमसाठी असते. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून मुलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवला आणि पट्टी दोन्हीकडचे चाप ‘खट्‌’ होईपर्यंत दाबून बसवली. कन्येकडून मागून आणलेल्या नव्या पडद्यावर अक्षरे उमटली. माझा आनंद काय वर्णावा!

तारीख होती १ जानेवारी २००३.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. डबा बंद असताना वेळ मोजत राहणे हे त्याचे काम. तो संपला की यंत्र प्रत्येक वेळी आपल्या जन्मकाळात जागे होते आणि मधली वर्षे त्याच्या लेखी घडलेलीच नसतात. सेल थोड्या पैशांत मिळतो. मी त्या तारखेकडे जरा वेळ पाहत बसलो आणि मग पुढे जायची कळ दाबली.

तेव्हा आतून आवाज आला. टक्‌. टक्‌. टक्‌.

इथे मी मोठी चूक केली. बंद केला, चालू केला. पुन्हा टक्‌टक्‌. असे चारदा. शेवटी लातूरला भाच्याला फोन लावला. तो बारावीला आहे आणि परीक्षेच्या तयारीतून त्याला मान वर करायला वेळ नसतो, पण तो ओरडलाच, “मामा, बंद करा आधी! आणि घेऊन या इकडे.”

मी एस. टी. ने डबा मांडीवर घेऊन लातूरला गेलो. कंडक्टरने विचारले, “काय हाय वो सर यात?” मी म्हणालो, “आईच्या ओव्या.” त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि सामानाचे तिकीट काही फाडले नाही.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एकाच्या पोटबोळात एका कारागिराचे दुकान आहे. त्याने माझी सगळी हकीकत, खोडरबरासह, शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “सर, तुम्हाला कॉम्प्युटर पायजे का त्याच्यातलं पायजे?”

चार दिवस मी यंत्र सुरू करण्याच्या नादात होतो. मला यंत्र नकोच होते! हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असती तर पहिल्याच दिवशी काम झाले असते. ज्याला आतला मजकूर हवा आहे त्याने आधी तेच करावे. यंत्राची दुरुस्ती त्यानंतर. डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला हजारो फेरे फिरतात आणि त्यांच्यावरून केसाहूनही बारीक अंतर ठेवून वाचणारे टोक सरकते. ते टेकले तर चकतीवर ओरखडा उठतो, आणि ओरखड्याखालचे गेले ते गेले. टक्‌टक्‌ ऐकूनही मी चार वेळा तो जुगार खेळलो होतो.

कारागिराने जुन्या डिस्कची रुंद पट्टी एका छोट्या जोडणीला लावली, डिस्कला वेगळी वीज दिली. मी श्वास धरून उभा. एक बारीक, एकसारखी शीळ आली; टक्‌टक्‌ नाही. “तुमची उसनी पेटी कमजोर होती. मोटारीला पुरंना, म्हणून डिस्क उठताना पडायली होती,” तो म्हणाला. मी त्याला पैसे देऊ लागलो तर त्याने आधी दोन ठिकाणी प्रत काढून दाखवली, मगच घेतले.

फाइल उघडली तर तिच्यात ओवी नव्हती. होती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. पण या दुखण्याचे औषध मला ठाऊक होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, तरी २००४ साली आम्ही बहुतेक लोक जुन्या फॉन्टांत लिहीत असू. त्यांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. चित्रे नसली की मुखवटा गळून पडतो. त्या फॉन्टची फाइल त्याच डिस्कवर होती, ती उचलून घातली आणि पान मराठीत आले. मग त्याचे युनिकोड केले. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहीत आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलटे. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या भलत्याच्या डोक्यावर बसल्या आणि रफार शेजाऱ्याकडे गेले. बहिणीच्या घरी दोन रात्री बसून मी त्या हाताने सरळ केल्या.

भाऊबिजेच्या सकाळी आईच्या खाटेशी बसलो. फराळाचे ताट तिच्यापुढे तसेच होते. तिने विचारले, “काय वाचायलास रे?” कोणाला विचारते आहे हे तिला बहुधा उमगले नसावे. मी वाचू लागलो. पहिल्या काही ओव्यांना ती नुसती चिवडा निवडत राहिली. मग तिचे ओठ हलू लागले. सतराव्या-अठराव्या ओवीला तर ती माझ्या पुढे गेली. मी पहिला चरण म्हणेपर्यंत दुसरा तिच्या तोंडी आलेला असे. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

एका ओवीत मी ‘ओसरी’ असे वाचले आणि आईचा हात माझ्या मनगटावर आला.

“वसरी,” ती म्हणाली.

मी कागदाकडे पाहिले. ओसरीच होते. मागे-पुढे चाळले, सगळीकडे ओसरी. वीस वर्षांपूर्वी नव्या एम. ए. च्या तोऱ्यात मी आईचे शब्द शुद्ध करून टाकले होते. माहेरच्या ज्या वसरीत जाते मांडलेले असायचे, ती १९९३ ला पडली. मामाने पुढे बांधलेल्या घराला ती नाहीच.

“वसरी म्हण, वसरी,” आई पुन्हा म्हणाली. “ओसरी कुणाची?”

मी खिशातून पेन काढले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.