तहनाम्याचा धडा

१९९३ सालच्या ऑगस्ट महिन्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात, पोमकेट नावाच्या एका बंदरात, डोनाल्ड मार्शल या मिकमाक गृहस्थाने वाम मासे पकडले. त्यांचे वजन ४६३ पौंड भरले आणि विक्रीतून ७८७ डॉलर व १० सेंट हाती आले. त्याच्याजवळ परवाना नव्हता आणि मासेमारीला बंदीचा काळ होता. तेव्हा त्याच्यावर खटला झाला. असले खटले कोणत्याही किनाऱ्यावर होतात आणि दंड भरून संपतात. हा खटला मात्र सहा वर्षे चालला आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे बचावासाठी जे कागद पुढे ठेवण्यात आले, ते १७६० व १७६१ सालच्या तहांचे होते. १७ सप्टेंबर १९९९ रोजी न्यायालयाने त्या तहांच्या आधारे मार्शलला निर्दोष ठरविले.

या निकालाने किनाऱ्यावरची पुष्कळ माणसे चकित झाली. अडीचशे वर्षांपूर्वीचा तह आजही बंधनकारक कसा? तो कोणी, कोणाशी आणि कशासाठी केला होता? ज्या प्रांतात हे तह झाले त्याच प्रांताच्या शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या बहुतेकांना या प्रश्नांची उत्तरे कधी कोणी सांगितलीच नव्हती. मिकमाक लोकांचे तह आणि त्यांचा भूमीवरील हक्क हा विषय तेथील विद्यार्थ्यांना शिकविण्याची निकड कोठून आली, हे समजण्यासाठी येथूनच आरंभ करणे सोयीचे आहे.

मिकमाक हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यू ब्रन्सविकचा बराचसा भाग, क्वेबेकमधील गॅस्पे द्वीपकल्प आणि न्यूफाउंडलंड असा त्यांचा प्रदेश असून त्याला ते आपल्या भाषेत मिकमाकी म्हणतात. या प्रदेशाचे परंपरेने सात विभाग मानले जातात आणि त्या सर्वांवर महासभा व महानायक अशी त्यांची पूर्वापार व्यवस्था आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच तेथे आले. त्यांच्यामागून इंग्रज आले. १७४९ साली इंग्रजांनी हॅलिफॅक्स शहर वसविले, तेव्हा मिकमाकांशी त्यांचा संघर्ष भडकला. त्याच वर्षी तेथील गव्हर्नर कॉर्नवॉलिस याने मिकमाकांना मारण्याबद्दल बक्षीस जाहीर केले होते. तथापि केवळ शस्त्राच्या बळावर हा प्रदेश ताब्यात राहणार नाही हे इंग्रजांना उमगले होते आणि म्हणूनच १७२५ पासून १७७९ पर्यंत वेळोवेळी तह करण्यात आले. ते 'शांतता आणि मैत्री यांचे तह' म्हणून ओळखले जातात.

तह म्हटला की मराठी कानाला किल्ले आणि मुलूख आठवतात. पुरंदरच्या १६६५ च्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मिकमाकांच्या तहांचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. त्यांत भूमी दिल्याचा किंवा विकल्याचा शब्द नाही. त्यांत आहे ती परस्परांशी सलोख्याने वागण्याची हमी आणि उपजीविकेची तजवीज. १७५२ च्या तहात मिकमाकांना पूर्वीप्रमाणे शिकार व मासेमारी करण्याची मोकळीक मान्य करण्यात आली. कातडी, पिसे, पक्षी, मासे हा माल विकण्यासाठी सरकारी वखारीची सोय कबूल करण्यात आली. आणि मैत्री टिकेल तोवर दर वर्षी १ ऑक्टोबरला घोंगड्या, तंबाखू, दारूगोळा असे नजराणे देण्याचे ठरले. १७६०-६१ च्या तहांत वखारीचे कलम पुन्हा आले. मार्शलच्या खटल्यात न्यायालयाने तर्क केला तो याच कलमावरून. वखारीत माल आणण्याचा हक्क मान्य केला, तर तो माल मिळविण्याचा हक्कही ओघानेच मान्य केल्यासारखा आहे. एरवी त्या वचनाला काही अर्थच उरत नाही.

मग एवढे स्पष्ट वचन विस्मृतीत कसे गेले? फ्रेंचांचा पराभव झाल्यावर इंग्रजांना मिकमाकांच्या मैत्रीची पूर्वीइतकी गरज उरली नाही. वसाहती वाढल्या, जंगले व किनारे नव्या मालकांच्या नावे झाले आणि मिकमाकांच्या वाट्याला लहान लहान राखीव वस्त्या आल्या. १८७६ साली कॅनडाने 'इंडियन ॲक्ट' हा कायदा केला. या नावातील 'इंडियन' शब्दाचा भारताशी काही संबंध नाही. कोलंबसाच्या भूगोलातील चुकीचा तो अवशेष आहे. या कायद्याने मूळ रहिवाशांचा सारा व्यवहार सरकारी खात्याच्या हाती दिला. १९२७ साली त्यात एक दुरुस्ती झाली आणि परवानगीवाचून भूमीच्या हक्कासाठी वर्गणी गोळा करणे हा गुन्हा ठरला. ही बंदी १९५१ पर्यंत राहिली. हक्क मागण्याची वाटच अशी बंद केल्यावर तो हक्क हळूहळू सर्वांच्याच स्मरणातून जावा, यात नवल नाही.

याच काळातील एक खटला बोलका आहे. मिकमाकांचे महानायक गॅब्रिएल सिलिबॉय यांच्याजवळ बंदीच्या काळात प्राण्यांची कातडी सापडली. त्यांनी १७५२ च्या तहाचा आधार घेतला. १९२८ साली न्यायाधीशाने तो फेटाळला. असंस्कृत लोकांना तह करण्याची पात्रताच नसते, असा त्याचा आशय होता. पुढे १९८२ च्या राज्यघटनेने मूळ रहिवाशांच्या विद्यमान तहहक्कांना मान्यता दिली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सायमन नावाच्या मिकमाकाच्या खटल्यात तोच १७५२ चा तह ग्राह्य धरला आणि १९२८ च्या निकालातील भाषा आता स्वीकारता येणार नाही असे स्पष्टपणे नमूद केले. सिलिबॉय १९६४ साली वारले. २०१७ साली, म्हणजे शिक्षेनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, प्रांतिक सरकारने त्यांना मरणोत्तर माफी देऊन क्षमायाचना केली.

न्यायालयाने हक्क मान्य केला, परंतु शेजाऱ्यांना तो पटला नाही. १९९९ च्या निकालाने 'माफक उपजीविके'पुरती मासेमारी मिकमाकांचा तहहक्क ठरली. संपत्ती साठविण्यास त्यात वाव नव्हता आणि मत्स्यसंपत्तीच्या रक्षणासाठी सरकारला रास्त नियम करता येतील, असा खुलासाही न्यायालयाने त्याच वर्षी केला. तरीही न्यू ब्रन्सविकमधील बर्न्ट चर्च येथे मिकमाकांचे शेवंडे पकडण्याचे पिंजरे तोडण्यात आले आणि तेथील तंटा २००२ पर्यंत धुमसत राहिला. २०२० च्या सप्टेंबरात, निकालाला बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, सिपेकनेकाटिक या मिकमाक समाजाने आपली मासेमारी सुरू केली. ऑक्टोबरमध्ये शेवंडे साठविण्याचे एक गोदाम जळून खाक झाले. विरोध करणाऱ्या कोळ्यांनाही आपल्या पोटाची चिंता होती, हे खरे. मात्र समोरचा माणूस सवलत मागत नसून जुन्या कराराची पूर्तता मागत आहे, ही गोष्ट त्यांपैकी अनेकांना लहानपणी कोणी शिकविली नव्हती. न्यायालयाचा निकाल एका दिवसात लागू होतो. त्यामागचा इतिहास समाजात रुजायला एक पिढी लागते.

हे रुजविण्याचे काम शाळेचे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी मिकमाक नेते आणि नोव्हा स्कोशियाचे सरकार यांनी तहशिक्षणाच्या सामंजस्यपत्रावर सह्या केल्या. त्याच वर्षी कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने आपल्या ९४ शिफारशींत तह आणि निवासी शाळांचा इतिहास सर्व मुलांना शिकवावा असे सांगितले होते. नोव्हा स्कोशियातील योजना बालवर्गापासून बारावीपर्यंत तर आहेच; शिवाय प्रांताचे शासकीय सेवक आणि सर्वसामान्य जनता यांनाही तिच्यात सामावून घेतले आहे. ही तरतूद दूरदर्शीपणाची म्हटली पाहिजे. परवाना देणारा कारकून आणि जाळे तपासणारा अधिकारी यांनाच तह ठाऊक नसेल, तर पाठ्यपुस्तकातील धडा बंदरावर पोचत नाही.

या शिक्षणाची उभारणी चार प्रश्नांवर केलेली आहे. मिकमाक कोण होते आणि आज कोण आहेत? तह म्हणजे काय आणि त्यांचे महत्त्व कशात आहे? तहाने जोडलेल्या नात्याचे पुढे काय झाले? आणि न्याय व समता यांसाठी आता काय केले जात आहे? यांतील पहिला प्रश्न वरकरणी सोपा वाटतो, पण 'आज' हा शब्द त्यात मुद्दाम घातला आहे. मूळ रहिवाशांचा पाठ पिसांचे मुकुट आणि सालीच्या होड्या यांवरच संपला, तर हे लोक केव्हाच नामशेष झाले अशी मुलांची समजूत होते. २०२१ साली मिकमाक समाजांच्या एका संघाने क्लिअरवॉटर या मोठ्या मत्स्यव्यवसायाची निम्मी मालकी घेतली, हेही त्या पाठात यावयास हवे.

दुसऱ्या प्रश्नात मूळ कागद वाचणे आले. परंतु तह इंग्रजीत लिहिले गेले होते आणि मिकमाकांनी ते दुभाष्याच्या तोंडून ऐकले होते. त्यांच्याकडील स्मृती मौखिक परंपरेत आणि शिंपल्यांच्या मण्यांनी गुंफलेल्या पट्ट्यांत जपली गेली. म्हणून चांगला शिक्षक कागदाबरोबर समाजातील वडीलधाऱ्यांनाही वर्गात बोलावतो. अल्बर्ट व मर्डेना मार्शल या मिकमाक ज्येष्ठांनी 'दोन डोळ्यांनी पाहणे' असे एक तत्त्व मांडले आहे: एका डोळ्याने मूळ रहिवाशांचे ज्ञान पाहावे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विद्या पाहावी, आणि दोहोंचा उपयोग सर्वांच्या हितासाठी करावा. १९२८ आणि १९८५ या दोन वर्षांचे निकाल वरच्या वर्गातील मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवले, तर एकाच तहाचा अर्थ वाचणाऱ्याच्या दृष्टीनुसार किती पालटतो, हे त्यांना व्याख्यानावाचून कळते.

तिसरा प्रश्न शिकविणाऱ्यालाही अवघड जातो. शुबेनाकेडी येथील निवासी शाळा १९३० ते १९६७ या काळात चालली. मिकमाक मुलांना आईबापांपासून दूर ठेवून, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा करून तेथे शिक्षण दिले जाई. ज्या संस्थेच्या द्वारा एका पिढीची भाषा तोडली गेली, ती म्हणजे शाळाच. आणि आता त्याच शाळेने तो इतिहास सांगावयाचा आहे. १९९७ च्या करारानुसार नोव्हा स्कोशियातील अनेक मिकमाक समाजांनी आपल्या शाळांचा कारभार स्वतःकडे घेतला आणि २०२२ साली प्रांताने कायद्याने त्यांच्या भाषेला तेथील आद्य भाषा म्हणून मान्यता दिली. या गोष्टी चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात येतात.

वर्गात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो भूमीच्या हक्काविषयी. तहहक्क आणि भूमीहक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तहहक्क म्हणजे लेखी वचनाची पूर्तता. भूमीहक्क म्हणजे जी भूमी कधी दिलीच नाही तिच्यावरील मूळ स्वामित्वाचा प्रश्न. राखीव वस्तीची जमीन गैररीतीने काढून घेतली गेल्याबद्दलचे दावे वेगळे आणि साऱ्या प्रदेशावरील स्वामित्वाचा दावा वेगळा. हा दुसरा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. २००५ साली लाकूडतोडीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने मिकमाकांच्या विरुद्ध निर्णय दिला. व्यापारी लाकूडतोडीचा तहहक्क आणि त्या जागांवरील स्वामित्व सिद्ध झाले नाही, असे ठरले. नोव्हा स्कोशियात २००७ च्या चौकट करारानुसार केंद्र व प्रांतिक सरकारांशी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारण्यात आला. 'आमचे घर जाईल काय?' असे एखाद्या मुलाने विचारले, तर या वाटाघाटी सरकारशी आहेत, शेजाऱ्याच्या घराशी नाहीत, हे शिक्षकाने शांतपणे सांगावे. जिंकलेल्या खटल्यांबरोबर हरलेला खटलाही सांगावा. अर्धवट सांगितलेला इतिहास मुले पुढे अविश्वासाने परत करतात.

'आपण सर्व तहाची माणसे आहोत' हे या शिक्षणाचे ब्रीद आहे. तहाला दोन पक्ष असतात; म्हणून तहाचा धडा एकट्या मिकमाक मुलांसाठी असू शकत नाही. ज्यांचे आजोबा मागाहून बोटीने आले, त्यांचा त्या भूमीवरील वावरही याच तहांनी सुकर झाला आहे. १९८६ पासून १ ऑक्टोबर हा दिवस नोव्हा स्कोशियात तहदिन म्हणून पाळला जातो. ही तारीख १७५२ च्या नजराण्यांच्या कलमातून घेतलेली आहे. त्या तहावर मिकमाकांच्या बाजूने सह्या झाल्या त्या स्वतःसाठी, वारसांसाठी आणि वारसांच्याही वारसांसाठी. राजाच्या बाजूचा वारसा आजच्या शासनाकडे आणि त्याच्या नागरिकांकडे आला आहे. ते सारे वारस आज एकाच वर्गात शेजारी बसतात. आपल्या पूर्वजांनी परस्परांना काय वचन दिले होते, हे त्यांना तेथेच कळले, तर उद्या बंदरावर भेटताना ते अनोळखी राहणार नाहीत.